आधी टेप, मग माऊस



भिलई परिसरात नेहरूनगर, स्मृतीनगर, रिसाली किंवा दुर्गकडच्या एखाद्या नव्या वसाहतीत प्लॉट घेतला, की हल्ली घरातलं कॉलेजात जाणारं मूल लॅपटॉप उघडून घर काढायला बसतं. आईला स्वयंपाकघर मोठं हवं, वडिलांना गाडीसाठी पोर्च हवा, आजीला देवघर ईशान्येलाच हवं. दोन रविवारांत पडद्यावर घर उभं राहतं, रंगीत, चहूबाजूंनी फिरवून बघता येईल असं. नातेवाइकांच्या ग्रुपवर चित्र जातं, वाहवा होते. मिस्त्री चुना घेऊन जोत्याची आखणी करायला येतो, तेव्हा मात्र सगळ्यांचे चेहरे बदलतात.

एक नमुना पाहा. बांधकामाची रुंदी २० फूट, त्यात शेजारी-शेजारी दोन खोल्या. हिशोब सोपा, १० आणि १०. पण बाहेरच्या दोन भिंती ९ इंची आणि मधली साडेचार इंची धरली, तर साडेबावीस इंच भिंतींनीच खाल्ले. उरलेल्या जागेचे दोन भाग केले की एक खोली येते ९ फूट पाऊण इंच, तीही गिलावा होण्यापूर्वी. त्यात साडेसहा फुटी पलंग टाकला आणि पायथ्याशी दोन फूट खोलीचं कपाट ठेवलं, की मधे उरतात पावणेसात इंच. तेवढ्यातून घरातलं मांजर जाईल. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ म्हणते, राहण्याच्या खोलीची रुंदी किमान २.४ मीटर आणि क्षेत्रफळ किमान साडेनऊ चौरस मीटर हवं. आपली खोली १२ फूट लांब असली तर या कसोटीला ती आरामात उतरते. संहितेत पास, पलंगाला नापास!

सॉफ्टवेअरने इथे फसवलेलं नाही. त्याला सांगितलं तेवढंच त्याने केलं, आणि सांगितलं नाही तिथे स्वतःचं माप घातलं. ‘स्वीट होम थ्रीडी’ हा एमान्युएल प्यूबारे या फ्रेंच प्रोग्रामरने केलेला मोफत प्रोग्रॅम घरगुती वापराला फार छान आहे. पण त्यात नवी भिंत ओढली की तिची जाडी साधारण साडेसात सेंटिमीटर येते. आपल्याकडची बाहेरची भिंत २३ सेंटिमीटरची. पहिल्याच दिवशी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन हा आकडा बदलला, तर पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत. मदत म्हणजे एवढी बारीक गोष्ट वेळेवर कोणीतरी सांगणं. ती सांगणारा माणूस मात्र शोधावा लागतो, आणि त्याला विचारावं कसं, हेही शिकावं लागतं.

बहुतेक जण विचारतात, ‘कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?’ या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. कशासाठी हवं, ते आधी ठरवावं. घरच्यांना खोल्यांची कल्पना यावी, सोफा कुठे आणि फ्रिज कुठे एवढं बघायचं असेल, तर स्वीट होम थ्रीडी पुरे. घराचा बाहेरचा आकार, छज्जे, जिना, गच्चीची टाकी उभी करून बघायची असेल, तर ‘स्केचअप’ची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती आहे. नगर निगमात द्यायचा किंवा ठेकेदाराच्या हातात ठेवायचा नकाशा मात्र ‘ऑटोकॅड’ किंवा त्याच्या जातीच्या प्रोग्रॅममध्येच होतो. ऑटोकॅड १९८२ साली आलं, आणि त्याची डीडब्ल्यूजी फाइल आज या धंद्याचं चलन झाली आहे. साध्या रेषांच्या नकाशासाठी ‘लिब्रेकॅड’ मोफत आहे, ते डीएक्सएफ फाइलवर काम करतं. विद्यार्थ्यांना ऑटोकॅड फुकट मिळतं ते शिकण्यासाठी. त्यावर पैसे घेऊन लोकांचे नकाशे काढायला परवानगी नाही. आणि पेनड्राइव्हवर फिरणारं ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर कोणी दिलंच, तर हात जोडून परत करावं. त्याबरोबर व्हायरस येतो आणि नेमका नकाशा संपत आला की मशीन बसतं.

आता एककांचा घोळ. आपण राहतो फुटांत, परवानगी मागतो मीटरमध्ये, आणि मिस्त्री बोलतो इंचात आणि सुतात. रजिस्ट्रीवर ३० बाय ५० फूट लिहिलेलं असतं, म्हणजे १,५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर. एकाने फाइल इंचात काढली, दुसऱ्याने ती मिलिमीटर समजून उघडली, तर घर काड्यापेटीएवढं दिसतं, आणि ‘फाइल बिघडली’ अशी ओरड होते. फाइल ठणठणीत असते. ऑटोकॅडमध्ये ‘युनिट्स’ ही आज्ञा देऊन एकक तपासावं, मग ‘डीआय’ टाकून ज्या भिंतीचं माप पक्कं ठाऊक आहे तिची दोन टोकं क्लिक करावीत. आकडा जुळला तर पुढे जावं.

ही ‘डीआय’ची सवय आणखी एका कारणासाठी लावून घ्यावी. नकाशे काढून देणाऱ्या काही दुकानांत एक वाईट खोड असते. ग्राहक म्हणतो, खोली ११ फुटांची हवी होती, तुम्ही साडेदहा काढली. घाईतला ऑपरेटर भिंत सरकवत नाही, मापाच्या आकड्यावर डबल क्लिक करून तिथे नुसतं ११ टाइप करतो. कागदावर ११, रेषेत साडेदहा. चूक कळते ती पाया खोदताना, आणि तोवर ठेकेदाराने त्याच नकाशावरून सळईचा हिशोब केलेला असतो. ज्यांना सॉफ्टवेअर येत नाही त्यांनीही दुकानात बसून एवढं म्हणावं, ‘दादा, जरा डीआय लावून दाखवा.’ समोरचा लगेच सावध होतो.

छापतानाही असंच. ‘फिट टू पेपर’वर खूण राहिली, की १:१०० चं प्रमाण गेलं. १:१०० म्हणजे जागेवरचा १ मीटर कागदावर बरोबर १ सेंटिमीटर. छापील नकाशावर पट्टी ठेवून एवढं पाहायला इंजिनिअर लागत नाही.

परवानगीच्या बाबतीत तर नकाशाचं अचूक असणं फार महत्त्वाचं झालं आहे. जानेवारी २०२२ मध्ये छत्तीसगडमध्ये ‘डायरेक्ट भवन अनुज्ञा’ सुरू झाली. ५,००० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी प्लॉटला ऑनलाइन परवानगी, मधे माणसाचा हात नाही, आणि अर्जाचं शुल्क तेव्हा १ रुपया. सोय मोठी आहे, पण तिची दुसरी बाजूही ओळखावी. पूर्वी खिडकीमागचा बाबू निदान ‘इकडचं अंतर कमी दिसतंय’ म्हणून नकाशा परत करायचा. आता नकाशा बरोबर असण्याची सगळी जबाबदारी घरमालकावर आणि नकाशावर सही करणाऱ्या वास्तुविशारदावर किंवा इंजिनिअरवर येते. नकाशा एक आणि बांधकाम दुसरं, ही आपली जुनी सवय. राज्य स्थापन झाल्यावर दोनच वर्षांत, २००२ साली, अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी कायदा आणावा लागला, यातच सगळं आलं.

नकाशा माणसाऐवजी यंत्र तपासतं, ही पद्धत महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना नवी वाटणार नाही. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीचं ‘ऑटोडीसीआर’ तिकडच्या महापालिकांनी बरीच वर्षं वापरलं आहे. असं यंत्र नकाशा डोळ्यांनी बघत नाही. प्लॉटची हद्द एका ठरलेल्या लेयरवर, बांधकाम दुसऱ्या, जिना तिसऱ्या, अशी वाटणी त्याला लागते, आणि प्रत्येक आकृती बंद असावी लागते. चौकोनाचा चौथा कोपरा केसभर उघडा राहिला, तरी आपल्याला तो चौकोनच दिसतो, यंत्राला मात्र त्याचं क्षेत्रफळ मिळत नाही. ऑटोकॅडमध्ये रेषेवर ‘लिस्ट’ लावली की ती बंद आहे की उघडी, आणि क्षेत्रफळ किती, दोन्ही समजतं. नकाशा अपलोड होत नाही म्हणून दिवस घालवणाऱ्यांनी आधी हे पाहावं.

मदत मागण्याची रीतही थोडी सांगायला हवी. ‘कॅड चालत नाही’ असा फोन केला, तर समोरचा बिचारा काय सांगणार? खालच्या कमांड लाइनमध्ये जे वाक्य उमटलं असेल ते जसंच्या तसं वाचून दाखवावं. सॉफ्टवेअर कोणत्या सालचं, हे सांगावं. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल फार जुन्या आवृत्तीत उघडत नाही, ती ‘सेव्ह अॅज’ करून जुन्या प्रकारात द्यावी लागते. फाइल हरवली असं वाटलं, तर त्याच फोल्डरमध्ये ‘.bak’ शेपटाची जुनी प्रत असते, ते शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केलं की ती उघडते. मूळ नावाची फाइल तिथे असली तर आधी या प्रतीला दुसरं नाव द्यावं. देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर फॉन्ट एसएचएक्स प्रकारचा आहे, मंगलसारखा युनिकोड फॉन्ट लावावा. आपल्याकडे अजून कृतिदेवमध्ये टाइप करणारे पुष्कळ आहेत. तो फॉन्ट समोरच्या मशीनवर नसला, की ‘शयनकक्ष’ची जी काही अक्षरं होतात ती कोणाला वाचून दाखवण्याजोगी नसतात.

जुन्या घरात फेरफार करायचे असतील, तर स्वीट होम थ्रीडीमध्ये जुना नकाशा पार्श्वभूमी म्हणून टाकता येतो. त्यावरच्या एका ज्ञात मापावर रेघ ओढून लांबी सांगितली, की बाकी सगळं त्याच प्रमाणात बसतं. फक्त मोबाइलने तिरपा काढलेला फोटो टाकू नये, दुकानात जाऊन सपाट स्कॅन करून घ्यावं.

आणि उन्हाचं बघावं. हे काम सॉफ्टवेअर फार चांगलं करतं, पण फारसं कोणी करून घेत नाही. भिलई सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकतो. दक्षिणेचा छज्जा त्या वेळी उगाच उभा असतो, खरा ताप देते ती पश्चिमेची भिंत. स्वीट होम थ्रीडीच्या होकायंत्रात गावाचे अक्षांश-रेखांश भरावेत, तारीख नौतपातली, म्हणजे कडक उन्हाच्या दिवसांतली घ्यावी, वेळ दुपारी चारची, आणि ऊन कोणत्या खिडकीतून पलंगावर पडतं ते बघावं. खिडकी फूटभर सरकवायला पडद्यावर पैसे लागत नाहीत.

त्याच बैठकीत कूलरची जागाही ठरवून टाकावी. परदेशी प्रोग्रॅमच्या तयार सामानात बाथटब सापडतो, कूलर सापडत नाही, आणि भिलईत उन्हाळा काढायचा तो कूलरवर. मग साधी पेटी घेऊन तिला आपल्या कूलरची लांबी, रुंदी, उंची द्यावी आणि खिडकीबाहेर ठेवावी. पाणी भरायला माणूस तिथवर कसा जाणार, प्लगपॉइंट कुठे, हे सगळं तेव्हाच सुचतं. तुळशीवृंदावनही असंच पेटीने बसवता येतं.

जिन्याची वस्तू मात्र ओढून-ताणून बसवू नये. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. १८ पायऱ्यांच्या उंच्या केल्या तर प्रत्येकी ६.६७ इंच, चढायला सोपी. मधे वळण घेतलं तर एका बाजूला ८ पावलं, १० इंचांनी ८० इंच, अधिक ३ फुटांचा चौथरा, झाले ९ फूट ८ इंच. एवढी लांबी नसताना पडद्यावर जिना दाबून बसवला तर तो बसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे तसे दाबून बसत नाहीत. कॉलम-बीमचं तर या चित्रांवरून काहीच ठरवू नये, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम.

मग शिकवणारं कोण? आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हा २ वर्षांचा अभ्यासक्रम असतो, तो केलेली मुलं आपल्या आसपासच राहतात. ज्यांना स्वतः बसून शिकायची हौस आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची पद्धत चांगली. साधारण दहा मिनिटांचा धडा, अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर आपला प्रोग्रॅम, तिथे दाखवलं ते इथे लगेच करून बघायचं. मोफत सॉफ्टवेअरचे हे धडे अनेक भारतीय भाषांत आहेत, मराठीतही. नुसते व्हिडिओ बघत राहिलं तर हात वळत नाही.

पण भिलईकडे यापेक्षा मोठी पुंजी आहे. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ‘गिप्रोमेझ’ या तिथल्या संस्थेने कारखान्याचा आराखडा केला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखाना काय आणि सेक्टरांची वसाहत काय, सगळं आधी कागदावर उतरलं. त्या ड्रॉइंग ऑफिसांत ट्रेसिंगवर शाईने रेघा ओढलेली, अमोनियाच्या वासात प्रिंट काढलेली माणसं आज निवृत्त होऊन गावातच आहेत. विदर्भातून आलेल्या कितीतरी मराठी घरांतही ती सापडतील. माऊस त्यांना कदाचित जमत नसेल, पण नकाशातली भिंत जोत्यावर कशी उतरते आणि दार कोणत्या बाजूला उघडलं तर स्विच लपतो, हे ते एका नजरेत सांगतात. पोरांकडे वेग आहे, यांच्याकडे नजर. दोघं एका टेबलाशी बसले तर घरमालकाला तिसऱ्या कोणाची गरज फारच थोडी पडेल.

म्हणून निवृत्त ड्राफ्ट्समन मंडळींना विनंती, की आठवड्यातली एक संध्याकाळ मंडळाच्या किंवा सोसायटीच्या खोलीत द्यावी. मुलांनी लॅपटॉप आणावा, तुम्ही स्केलपट्टी आणा. आणि घर बांधू पाहणाऱ्यांनी त्यांच्याकडे जाताना रजिस्ट्रीची प्रत, प्लॉटच्या चारही बाजूंची आणि दोन्ही कर्णांची टेपने स्वतः घेतलेली मापं, उत्तर दिशेची खूण आणि घरातल्या कपाट-पलंगांचे आकार एका कागदावर लिहून न्यावेत. रिकाम्या हाताने कोणाचा वेळ घेऊ नये.