विमानाचा श्वास
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



परदेशी राहून मी कोणता उद्योग करतो ते थोडक्यात सांगावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. अमेरिकेतील ओहायो राज्यात, मोटार ठेवण्याच्या खोलीत, चिरंजीवाच्या साहाय्याने मी दोन आसनांचे विमान बांधले आहे. हौशी माणसांनी निम्म्याहून अधिक काम स्वतः केल्यास अशा विमानाची तेथे 'प्रायोगिक' वर्गात नोंद होऊ शकते. आज मी त्यातील एका क्षुल्लक वस्तूविषयीच, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या गाळणीविषयी, बोलणार आहे.

आमचे इंजिन माझदा कंपनीच्या जुन्या मोटारीतून काढलेले, 13 बी जातीचे. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून निघालेले अशा प्रकारचे पहिले इंजिन 1957 साली चालले. यात खालीवर होणारे दट्टे नाहीत. फुगीर बाजूंचे दोन त्रिकोणी रोटर कोठीत फिरतात. प्रत्येक टोकास बिडाची एक बारीक पट्टी असते आणि ती भिंतीला सतत घासत जाते. वाळूचा कण या पट्टीहून कठीण. पट्टी झिजली की दाब निसटतो, आणि ती बदलावयाची तर सारे इंजिन उलगडावे लागते. मिनिटास 6,000 फेऱ्यांना हे इंजिन सुमारे 7,800 लिटर हवा ओढते. तिच्याबरोबर काय येते, याची चिंता म्हणूनच करावी लागते.

काही मित्र म्हणतात, उंचावर हवा स्वच्छ, मग गाळणी कशाला? उंचावरचे खरे आहे. परंतु जमिनीवर आपलाच पंखा धूळ उडवितो आणि आपलेच इंजिन ती गिळते!

गाळणी निवडताना मी प्रथम स्वस्ताईच्या मोहात पडलो. स्पंजाची एक लहान गाळणी आणली. तिला आतून तारेच्या जाळीचा आधार नव्हता. विमान खुंटाला बांधून इंजिन पूर्ण वेगाने चालविले, तोच आवाज बसला. स्पंजाचा तुकडा फाटून आत ओढला गेला होता आणि हवेच्या झडपेत अडकला होता. कुटुंब शेजारीच उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, "हे वर झाले असते तर?" मजजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही दोघेही जेवलो नाही.

पुढे मी तेल लावलेल्या सुती जाळीची, तारेचा भक्कम आधार असलेली मोठी गाळणी घेतली. कागदी गाळणी धूळ उत्तम अडविते, पण भिजली की हवा कोंडते. पावसात उडणाऱ्याने ते ध्यानी घ्यावे. क्षेत्रफळ दुप्पट केले की प्रत्येक भागातून निम्मीच हवा जाते आणि अडथळा घटतो. तो मोजण्यास रंगीत पाण्याची एक वाकडी नळी पुरते. वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे दहा मीटर उंचीइतका. तेव्हा गाळणीमागे पाणी दहा सेंटिमीटर ओढले गेले, तर शक्तीचा साधारण शंभरावा भाग गेला असे समजावे. आमच्या पहिल्या गाळणीत, ती फाटण्यापूर्वी, पाणी एकोणतीस सेंटिमीटर चढले होते. आता सात चढते.

तथापि ही गाळणीसुद्धा केव्हातरी तुंबणारच. सुगीच्या दिवसांत शेतातले भुसकट, थंडीत बर्फ. म्हणून गाळणीच्या मागे, इंजिनाच्या आवरणाच्या आत उघडणारी एक झडप बसविली आहे. वैमानिकाने दोरी ओढली की ऊन, न गाळलेली हवा आत येते. ऊन हवा विरळ असते, त्यामुळे शक्ती काहीशी घटते. पण इंजिन चालू राहते. ही झडप पुढे बसविली असती, तर तिची हवा त्याच तुंबलेल्या गाळणीतून आली असती! चिरंजीवाने पहिल्या आराखड्यात ती तेथेच काढली होती, आणि मीही त्यावर सही केली होती. चूक कुटुंबाच्या लक्षात आली.

उड्डाणापूर्वी ती दोरी ओढून पाहण्याचे काम आता त्यांच्याकडेच आहे. पाण्याची नळी मी सोबत आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी भोजनापूर्वी व्यासपीठाजवळ यावे.