खिशातील नाणे आणि त्याचे मोल
(पेडणे तालुक्यातील केरी येथे ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे दिलेले भाषण)



जुन्या चिल्लरीचा एखादा डबा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. त्यात पोर्तुगीज अमदानीतील तांग असतात, इंग्रजी राणीचा रुपया असतो, ॲल्युमिनियमचे दोन-तीन पैसे असतात. या डब्यात लाखाचा ऐवज दडला आहे की ती केवळ चिल्लर आहे, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. तो विचारला जाण्याचे कारण मात्र चिंताजनक आहे.

माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांकडे वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे होते. मोबाइलवरील जाहिरातीत त्यास काही लाखांची किंमत सांगितली होती. प्रथम नोंदणीचे शुल्क मागण्यात आले, नंतर कराची रक्कम, त्यानंतर आणखी काही. नाणे अखेरपर्यंत त्यांच्याच कपाटात राहिले. गेली ती निवृत्तिवेतनातून साठविलेली पुंजी. ते नाणे २०१२ सालचे असून व्यवहारात सर्रास आढळते. त्याचे मोल पाच रुपये, फार तर हौशी संग्राहक थोडे अधिक देईल. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा व नाणी यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती शुल्क घेत नाही आणि तसे शुल्क घेण्याचा अधिकार तिने कोणासही दिलेला नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले गेले की व्यवहार खोटा समजावा. फसवणूक झालीच, तर संकोच न बाळगता १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

आता नाण्याकडे वळू. नाणे जुने म्हणून मौल्यवान, हा समज प्रथम सोडला पाहिजे. सातवाहनांची शिशाची साधी नाणी सुमारे दोन हजार वर्षांची असूनही माफक किमतीस मिळतात, कारण ती विपुल सापडली आहेत. याउलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया वयाने लहान, पण अत्यंत दुर्मीळ आहे. म्हणून वर्ष नीट वाचावे, धातू पाहावा आणि शेवटी नाण्याची झीज पाहावी.

आपल्या गोव्यातील नाण्यांचेच उदाहरण घ्या. पूर्वी सोळा तांगांचा एक रुपिया होत असे. १९३५ सालच्या रुपियाचे वजन १२ ग्रॅम असून त्यात शेकडा सुमारे ९२ भाग चांदी आहे. १९४७ चा रुपिया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी. १९५२ च्या रुपियात चांदी मुळीच नाही. तो तांबे व निकेल यांचा आहे. तिन्ही नाणी ‘रुपिया’च, परंतु सोनाराच्या तराजूत त्यांची गत निरनिराळी. १९५८ पासूनच्या नाण्यांवर इस्कुद व सेंताव आढळतात. सहा इस्कुदांचा एक रुपिया धरला जाई. ही नाणी १९६१ च्या मुक्तीपर्यंत चालली, तांबे-निकेल किंवा कांस्य यांची आहेत व सामान्यतः स्वस्तच मिळतात.

ब्रिटिश रुपयाचीही कथा अशीच आहे. १९३९ पर्यंत उत्तम चांदी, १९४० ते १९४५ निम्मी चांदी, आणि १९४६-४७ चा रुपया शुद्ध निकेलचा. निकेलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. मात्र तांबे-निकेलचे नाणेही चिकटत नाही. तेव्हा चिकटले नाही म्हणून ते चांदीचेच, असे समजू नये. १९६८ ते १९७१ या काळातील कमळाच्या वीस पैशांत सोने असल्याची आवई एके काळी उठली होती. त्यात सोने नाही. तो पिवळेपणा तांब्याच्या मिश्रधातूचा आहे.

वर्षाखालील खूणही पाहावी. हिरा असेल तर नाणे मुंबईच्या टाकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका नोएडाचा आणि खूण नसल्यास ते कोलकात्याचे. शिक्षकांनी वर्गातील मुलांकडून खिशातील नाणी अशी लावून घ्यावीत. गणित व इतिहास दोन्ही साधतात. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण पन्नास पैसे आजही वैध आहेत, हेही दुकानदारांना मुलांनीच सांगावे!

एक चूक मी स्वतः केलेली आहे. लहानपणी आजीच्या पेटीतील तांब्याचे नाणे मी चिंच व राख लावून लखलखीत केले. आजीने कौतुक केले. पुढे एका जाणकाराने ते हातात घेऊन नुसती मान हलविली. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला काळसर थर घासून गेला की नाण्याचे मोल घटते, अक्षरे पुसट होतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. नाणे कडेने धरावे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे. आपल्या दमट किनारी हवेत तर हे अधिकच आवश्यक.

शेतात किंवा घराचा पाया खणताना नाणी सापडल्यास ती वाटून घेऊ नयेत किंवा वितळवू नयेत, मामलेदारांस कळवावे. नाणी कोणत्या जागी व कोणत्या भांड्यात मिळाली यावरून जो इतिहास कळतो, तो सुट्या नाण्यावरून कळत नाही.

ज्यांनी आपले डबे आणले आहेत, त्यांनी आता पुढील टेबलाशी यावे. घरी जाऊन पुसून आणतो, असे मात्र कोणी म्हणू नये.