मॉडेलची वही

पश्चिम घाटाचा कोणता भाग संवेदनशील, हे ठरवणाऱ्या गाडगीळ आणि कस्तुरीरंगन या दोन अहवालांवर गावोगाव भांडणं झाली, ती तुम्हाला ठाऊक आहेतच. मला आज बोलायचं आहे ते त्या अहवालांतल्या नकाशांमागच्या वहीबद्दल, म्हणजे ते कसे ठरवले याच्या नोंदींबद्दल.

कारण ते नुसते नकाशे नव्हेत, मॉडेलं आहेत. माधव गाडगीळ समितीने घाटाचे सुमारे नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला गुण दिले. प्रदेशनिष्ठ वनस्पती किती, सदाहरित जंगल किती, उतार केवढा, नदीकाठची झाडी किती. आता पाहा, यात माणसाला किती गोष्टी ठरवाव्या लागतात! चौकोन एवढाच का? केरळ आणि गुजरात एकाच मापाने मोजायचे का? समितीने गुणांची क्रमवारी राज्यवार लावली. संरक्षित क्षेत्रं आणि सर्वांत संवेदनशील असा पहिला विभाग मिळून ६० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, हेही समितीनेच ठरवलं. हा आकडा डोंगराने सांगितलेला नाही. पण तसं लिहून ठेवलं, म्हणून त्यावर वाद तरी घालता येतो. पद्धत तर जानेवारी २०११ मध्येच ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आली, ऑगस्टमधल्या अहवालाच्या आधी. याचं मला फार मोल वाटतं.

लिहून ठेवण्याचं हे मोल स्वेटर विणणाऱ्यांना चटकन पटेल. एक बाही विणताना टाके कुठे घटवले ते लिहिलं नाही, तर दुसरी बाही जुळत नाही. आणि स्वेटर झाल्यावर आठवून लिहू म्हटलं, तर उसवलेल्या ओळी कोण लिहिणार? का उसवल्या, हे तर कोणीच लिहीत नाही! मॉडेलमध्ये नेमकं तेच हवं असतं. कोणता घटक घेऊन पाहिला, का सोडला, सोडल्यावर निकाल किती हलला. शास्त्रज्ञ फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मॉडेलच्या वर्णनासाठी ‘ओडीडी’ हा आराखडा दिला. पुढे मॉडेलच्या नोंदींसाठी ‘ट्रेस’ हा आराखडा आला, आणि त्याचा आग्रह हाच, की वही काम चालू असतानाच लिहा. पुन्हा सांगते, चालू असतानाच. आपल्याकडे अहवाल छापायला जाताना पद्धतीचं प्रकरण लिहायला बसतात. हे बरं नाही.

वही वाचली नाही की काय होतं? कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक आणि सांस्कृतिक भूभाग वेगळे केले. त्यावरून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरला. लगेच लोक म्हणाले, साठावरून सदतिसावर आलं. अहो, पण घाट केवढा धरला ते बघा ना! पहिल्या समितीने १,२९,०३७ चौरस किलोमीटर धरला, दुसऱ्या गटाने १,६४,२८० धरला. प्रश्न वेगळा, मोजणी वेगळी, आणि आपण टक्क्यांची वजाबाकी करत बसलो.

वेळ संपत आली. पडताळणीबद्दल, म्हणजे मॉडेलचं उत्तर प्रत्यक्ष रानात जाऊन ताडून पाहण्याबद्दल, बोलायचं राहिलंच. ग्रामसभेला एखाद्या गावचा चौकोन चुकीचा वाटला, तर ती हरकत कुठे नोंदवायची, हेही राहिलं. माझ्या मते तिची जागा त्याच वहीत आहे. तुमच्या तालुक्यात खाणीची किंवा धरणाची जनसुनावणी लागली, तर नकाशा पाहून परत येऊ नका. गुण कसे दिले, काय वगळलं आणि कोणत्या तारखेला वगळलं, त्याची नोंद मागा. मराठीत मागा.