दोष कोणाबरोबर चालतो?



वसंत ऋतूतल्या या ज्ञानसत्रात पिस्तुलासारखा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण मी आज नेमबाजीचे गोडवे गाणार नाही. लहान पिस्तुलात काडतूस अडकते ते का, आणि अडकले असता दोष शोधायचा कसा, एवढेच सांगणार आहे. ज्याच्याजवळ रीतसर परवाना आहे त्याला याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. आणि ज्याने उभ्या जन्मात पिस्तूल पाहिलेले नाही त्यालाही, बिघडलेल्या यंत्राकडे कसे पाहावे हे यातून कळेल, अशी माझी समजूत आहे.

प्रथम काडतुसाचा प्रवास पाहू. मुठीतल्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक रचलेली असतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर लोटीत असते. गोळी उडाली की वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे येते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि आपल्या स्प्रिंगच्या जोराने पुढे जाताना सर्वांत वरचे काडतूस ढकलून नेते. त्याचे नाक एका लहानशा चढावर आपटून वर वळते आणि काडतूस नळीच्या मागच्या घरात जाऊन बसते. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत घडते. पिस्तूल जितके लहान, तितका स्लाइडचा पल्ला आखूड. मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर आणायला मिळणारा अवधीही कमी. म्हणून मोठ्या पिस्तुलात खपून जाणारी चूक लहान पिस्तुलात खपत नाही.

आता एक खरी गोष्ट सांगतो. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शिल्पज्ञाने बेल्जममधील हर्स्टाल येथील कारखान्यासाठी १८९९ च्या सुमारास ७.६५ मिलिमीटरचे एक काडतूस तयार केले. आपल्याकडे 'बत्तीस बोअर' म्हणतात ते हेच. सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्या कायद्याने मना असल्यामुळे आपल्या परवानाधारकांच्या पिस्तुलांत हे काडतूस विशेष दिसते. त्याच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड आहे. काडतूस घरात नेमके किती आत जावे, हे ती कड ठरवते. १९०८ साली याच ब्राउनिंगने ९ मिलिमीटरचे आखूड काडतूस काढले, तेव्हा ही बाहेर आलेली कड त्याने ठेवली नाही.

पहिल्या काडतुसाची लांबी सुमारे २५ मिलिमीटर, आणि मॅगझिने त्याच मापाची. त्यामुळे काडतुसांना आत मागेपुढे सरकायला फारशी जागाच नव्हती. पुढे पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या. त्यांची काडतुसे थोडी आखूड. मॅगझिनमध्ये रिकामी जागा राहिली. धक्क्यासरशी काडतुसे आत हलू लागली आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन अडकू लागली. आता स्लाइडने वरचे काडतूस पुढे ढकलावे, तर खालच्याची कड त्याला सोडीना! मुठीच्या बुडाला थाप मारून स्लाइड पुन्हा ओढण्याचा नेहमीचा उपायही इथे लंगडा पडतो. मॅगझिन बाहेर काढून काडतुसे मोकळी करावी लागतात. आणि धनी म्हणतो, "पिस्तूल खराब निघाले." वस्तुतः पिस्तूल निर्दोष, काडतूसही निर्दोष, दोघांचा मेळ तेवढा बसलेला नाही. पुऱ्या लांबीचे काडतूस घातले की ही तक्रार बहुधा मिटते.

मग दोष शोधावा कसा? माझे उत्तर एका वाक्याचे आहे: दोष कोणाबरोबर चालतो ते पाहा. दोन मॅगझिने असतील तर त्यांवर क्रमांक घाला. पिस्तूल पहिल्याच मॅगझिनने अडत असेल, तर त्याची स्प्रिंग थकली आहे किंवा काडतूस धरून ठेवणारे त्याचे ओठ वाकले आहेत. विशिष्ट काडतुसांनीच अडत असेल, तर काडतुसे बदला. एकाच्या हातात अडते आणि दुसऱ्याच्या हातात चालते, तर पकड सैल आहे. मनगट ढिले राहिले की स्लाइडचा पल्ला पुरा होत नाही. सगळीकडेच अडत असेल, तर आधी मळ आणि वाळलेले तेल साफ करा, आणि मगच यंत्राकडे बोट दाखवा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष जाईलही, पण गेला कशाने ते कळणार नाही. आणि न कळता गेलेला दोष न सांगता परत येतो.

कानस घेऊन तो चढ किंवा मॅगझिनचे ओठ घासू नका. घासलेले लोखंड परत येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. काम त्या जाणत्या कारागिराकडेच न्यावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अडलेले पिस्तूल म्हणजे रिकामे पिस्तूल नव्हे. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून घर रिकामे झाले की नाही ते डोळ्यांनी पाहा. नळीत पुढून डोकावू नका. बार नेहमीपेक्षा दबका वाजला, तर दुसरी गोळी मुळीच झाडू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फुटते.

मंडळी, घरातले शिवणयंत्र अडले तरी आपण आधी यंत्रालाच शिव्या देतो. दोरा कोणता आणि सुई कोणती, हे मागाहून पाहतो. शिवणयंत्राच्या बाबतीत ही घाई फार तर एक टाका बिघडवते. पिस्तुलाच्या बाबतीत ती माणूस घालवते. म्हणून थांबावे, पाहावे आणि दोष कोणाबरोबर चालतो ते शोधावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.