वाकडा पाइप, सरळ पाइप

जंजिऱ्यासमोरच्या आमच्या दिघीतून कितीतरी माणसे ‘बोटीवर’ गेली. कुणी खलाशी, कुणी सुकाणी, कुणी सारंग. परतताना पेटीत अत्तर, साबण आणि एखाद्याच्या पेटीत तंबाखूचा पाइपही असे.

माझे थोरले चाचा सारंग होते. त्यांच्याकडे दोन पाइप होते, एक सरळ आणि एक वाकडा. ‘‘चाचा, दोन कशाला?’’ मी विचारी. ते म्हणत, ‘‘एक कामाचा, एक आरामाचा.’’

वाकडा कामाचा. त्याचे वजन हनुवटीकडे उतरते, दातांवर ओढ कमी पडते. दोन्ही हात दोरखंडात अडकले तरी तो तोंडात राहतो. पण त्याच्या वळणात ओल साचते. मग तो गुडगुडीसारखा बोलू लागतो आणि साफ करायची तार नेमकी तिथेच अडते. सरळ पाइपमधून तार आरपार जाते, धूरही कोरडा येतो. मात्र सगळा भार दातांवर येतो, म्हणून तो हातात धरायचा, ओटीवर बसून.

आपली चिलीम सरळच की! मातीची, आत खडा, खाली ओली छापी. हुक्क्याची नळी मात्र हवी तशी वळते. शेरलॉक होम्सचा पाइप आपल्याला वाकडाच आठवतो. पण १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात सिडनी पॅजेटने काढलेल्या चित्रांत तो सरळ आहे. वाकडा आणला तो विल्यम जिलेट या नटाने, १८९९ च्या नाटकात. संवाद म्हणताना चेहरा झाकू नये म्हणून, असे सांगतात.

पुढे चाचांच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आला. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. ओठ, जीभ, घसा यांना कर्करोगाचा धोका असतोच. चाचांनी डॉक्टरांना विचारले, ‘‘सरळ सोडून वाकडा ओढला तर?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘चाचा, तंबाखू तीच ना?’’

रमजान तोंडावर होता. दिवसभर रोजा असायचाच. त्या वर्षी इफ्तारनंतरही त्यांनी काडी ओढली नाही. ईद झाली, तरी नाही. चाचीने तंबाखूचा डबा घासून त्यात लवंगा भरल्या.

पुढे कित्येक वर्षे संध्याकाळी चाचा धक्क्यावर बसत, रिकामा वाकडा पाइप तोंडात धरून. ‘‘आता तर आराम आहे, मग सरळ का नाही?’’ मी एकदा विचारले.

‘‘तो पडतो रे. दात कुठे राहिलेत आता?’’