निवांत घटका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिंतन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगरातील गुहा आणि मिटलेले नेत्र उभे राहतात, आणि हे आपले काम नव्हे असे म्हणून आपण मोकळे होतो. मला बोलावयाचे आहे ते प्रपंचात राहून करावयाच्या चिंतनाविषयी.

लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहून काढले, हे आपण जाणतो. परंतु त्यामागील शंका काही तुरुंगात उद्भवली नव्हती. १८७२ साली वडील अखेरच्या आजारात असता सोळा वर्षांच्या टिळकांनी त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखविली होती. अर्जुनाला युद्धास उभे करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात मोक्षाचेच विवेचन कशाला, हा प्रश्न पुढे त्यांच्या मनात घर करून राहिला. मध्यंतरी शाळा झाली, 'केसरी' झाला, खटले झाले. एवढ्या धकाधकीत त्यांनी तो प्रश्न विझू दिला नाही. आपल्यापैकी किती जणांजवळ दहा वर्षे जपलेला एखादा प्रश्न आहे? उत्तरे मात्र आपल्याजवळ मुबलक असतात, आणि आता तर ती खिशातील मोबाईलवर क्षणात मिळतात!

गांधीजी सोमवारी मौन पाळीत. २ जून १९४७ हा सोमवारच होता. फाळणीच्या योजनेसंबंधी माउंटबॅटन यांची भेट त्याच दिवशी झाली, आणि गांधीजींनी आपले म्हणणे वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून दिले. तातडीच्या राजकारणाला आणि आजाऱ्यांच्या सेवेला त्यांनी या व्रतातून सूट ठेवली होती. तरीही त्या दिवशी ते बोलले नाहीत. ते योग्य झाले की नाही याविषयी मतभेद होऊ शकेल. मला त्यातील सूटच अधिक उद्बोधक वाटते. शेजारी रुग्ण कण्हत असता मौनाचे कौतुक मिरविणारा मनुष्य त्यांना मान्य नव्हता.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ती सर्वांस रुचेलच असे नाही. आपल्या घरांत निवांत बसण्याचा मान कोणाचा? यजमान वर्तमानपत्र घेऊन बसले की मुलांना गप्प केले जाते. गृहिणी घटकाभर खिडकीशी बसली तर मात्र "बरे नाही का?" असे विचारले जाते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. संसार आणि शेती यांवर त्यांनी केवढे खोल चिंतन केले, पण ते जात्यावर आणि शेतात, हात कामात गुंतलेले असताना! १९५१ साली त्या निवर्तल्या. त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तो १९५२ साली. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून ते धन हाती लागले. इतर घरांतील किती धन दळणाबरोबर जात्यातच राहिले असेल, याची गणती कोण करणार?

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. दिवेलागणीनंतर अर्धा तास घरातील दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद असावेत. त्या वेळात जप करा, हिशेब मनात तपासा, अथवा नुसते बसा. त्याविषयी माझा आग्रह नाही. आग्रह एवढाच की, त्या अर्ध्या तासात चहाची तलफ आलीच, तर तो पुरुषांनी करावा, आणि साखरेचा डबा कोठे आहे हे विचारण्यासाठी घरातील बाईला हाक मारू नये.