तापाचा पहिला दिवस

पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवली या बाजूला डेंगीचे रोगी दिसू लागतात. मुरबाडकडची माणसेही कल्याणच्या दवाखान्यात येतात. डॉक्टर आधी विचारतात, "ताप केव्हापासून आहे?" आपण म्हणतो, "झाले की तीन-चार दिवस!" एवढ्याने भागत नाही. का, ते पाहू या.

हिवताप असला तर थेंबभर रक्त काचेवर घेतात. सूक्ष्मदर्शक यंत्रातून जंतू दिसतो. डेंगीचा विषाणू फार बारीक. तो त्या यंत्रातून दिसतच नाही. चोर दिसला नाही, तरी चिखलात पावले उमटतात ना? तसा त्याचा माग काढावा लागतो.

पहिले चार-पाच दिवस विषाणूचा एक पदार्थ रक्तात सापडतो. त्या तपासणीला 'एन-एस-वन' म्हणतात. पुढे तो पदार्थ कमी होतो. तोवर आपले शरीर विषाणूशी लढणारे पदार्थ तयार करते. पाचव्या दिवसानंतर ते शोधायचे. ही तपासणी 'आय-जी-एम'. तिचे साहित्य पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होते. ही संस्था १९५२ साली सुरू झाली.

दिवस चुकला, तर आजार अंगात असूनही कागदावर 'नाही' येते. आता आपल्याला लिहिता येते. अंग तापले त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करावी.

खरी गोम पुढेच आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो. घरचे म्हणतात, "बरा झाला, चल आता लावणीला." नेमका हाच काळ धोक्याचा! काही रोग्यांच्या रक्तातले पाणी शिरांबाहेर झिरपते. रक्त दाट होते. म्हणून ताप गेल्यावरही डॉक्टर पुन्हा रक्त तपासतात, रक्तदाब बघतात. रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, म्हणजे प्लेटलेट, मोजतात. लोक तेवढाच आकडा विचारत बसतात. रक्त किती दाट झाले, हेही विचारावे असे आम्हांला वाटते.

पोटात फार दुखते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, लघवी कमी होते, रोगी सुस्त पडतो किंवा तळमळतो. यांतले एकही दिसले, तर मध्यरात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्यावे. अंग दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नये. त्याने रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालते, पण डॉक्टर सांगतील तेवढेच.